मडिवाळप्पांची नळदुर्गावर स्वारी

दोन वर्षं आभाळाकडे बघून बघून सोलापूरकरांच्या माना आखडल्या होत्या. त्र्याहत्तर साली एकदाचा पाऊस झाला आणि सप्टेंबरअखेर बातमी आली, की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन्ही धबधबे धो धो कोसळतायत. सोलापुरातल्या शहाण्या माणसांनी सकाळची एसटी पकडली, धबधबा पाहिला, शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि ते संध्याकाळी घरी परतले. मडिवाळप्पा हत्तुरे शहाणे नव्हते असं नाही. पण ते पुरवठा कचेरीत हेडक्लार्क होते, आणि त्यांना नुकतंच मोटार चालवायचं लायसन मिळालं होतं.

हे लायसन सहजासहजी मिळालं नव्हतं. पहिल्या परीक्षेत साहेबांनी ‘थांबण्याची खूण करा’ म्हटल्यावर मडिवाळप्पांनी हात बाहेर काढला. नेमका समोरून ओळखीचा एक रेशन दुकानदार आला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. मडिवाळप्पांनी उलट नमस्कार केला. नमस्काराला दोन हात लागतात. गाडी कुंपणात गेली. दुसऱ्या खेपेला मैदानावर आठचा आकडा काढायचा होता. त्यातलं वरचं शून्य त्यांनी फार सुरेख काढलं आणि मग साहेब शिट्टी वाजवेपर्यंत त्यातच फिरत राहिले. तिसऱ्या खेपेला ते पास झाले. गाडी मागं घेणं त्यांना त्या एकाच दिवशी जमलं. त्यानंतर पुन्हा कधी जमलं नाही. त्याची त्यांना खंतही नव्हती. माघार घेणं हत्तुऱ्यांच्या रक्तातच नाही, असं ते सांगत.

गाडी भुसार बाजारातल्या सिद्धलिंगप्पा शेटजींची. शेटजींचा धान्याचा धंदा आणि मडिवाळप्पांचं पुरवठा खातं यांचा या गोष्टीशी काही एक संबंध नव्हता, हे दोघंही न विचारता सांगत.

“न्या की, हत्तुरेसाहेब,” शेटजी म्हणाले. “आपलीच गाडी समजा. आमचा कल्लप्पा ड्रायव्हर रविवारी रिकामाच असतो, त्यालाबी न्या.”

“छे छे! मी स्वतः चालवणार.”

शेटजींनी गाडीकडे एकदा मायेनं बघितलं. मग म्हणाले, “तसं असंल तर एक काम करा. आमच्या अक्कम्मा मावशीला वळसंगला लेकीकडं सोडा. नळदुर्गला सरळ रस्त्यानं जाण्यात काय मजा? वळसंग, अक्कलकोट करत गोल जावा. राजवाडा बघणं हुईल, रानबी हिरवंगार हाय.”

घरी ही योजना जाहीर झाली तेव्हा नीलम्मा लसूण सोलत होत्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत मडिवाळप्पांनी त्यांना जे जे प्रवास घडवले, त्या प्रत्येकाच्या शेवटी कुणाचं तरी लग्न नाहीतर बारावं होतं. त्यांनी लसणावरची नजर न काढता विचारलं, “अहो, एसटी हाय की सकाळची. दीड तासात पोचती.”

“एसटी आपल्याला पाहिजे तिथं थांबत नाही,” मडिवाळप्पा म्हणाले.

हे मात्र खरं होतं. शेटजींची गाडी पुढे दिवसभर, कुणालाच नको अशा एकूण एक ठिकाणी थांबली.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या ईरम्मांनी बोनेटला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं पंक्चरचं सामान देऊ केलं, जे मोटारीच्या टायरला उपयोगाचं नाही हे त्यालाही माहीत होतं. पण सल्ल्यांचं खरं आगर म्हणजे शेजारचे गुरप्पा. हे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले होते, त्यांची शिट्टी झाली नव्हती. ती अजून गळ्यात असे.

“मडिवाळप्पा, एक ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं. पुढं काय हाय ते ड्रायव्हर बघणार, मागं काय हाय ते गार्ड.”

“पण मोटारीला गार्ड नसतो, गुरप्पा.”

“तेच की. म्हणून तर एवढे अपघात होतात.”

अशा रीतीनं गुरप्पा सहलीत आले. त्यांना कुणी बोलावलं होतं असं कुणालाच आठवत नाही.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी सातला निघायचं ठरलं. सव्वाआठला हँडल मारून मारून कल्लप्पाचा सदरा भिजल्यावर गाडी सुरू झाली. अक्कम्मा मागच्या सीटवर कापडाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वय सत्तरीचं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलण्यात अर्धं कानडी, अर्धं मराठी, पण दोन्हींत सूर हुकमाचा. शेजारी गुरप्पा. पुढे नीलम्मा ठेवणीतलं इरकल नेसून बसल्या होत्या. गुरप्पांनी शिट्टी फुंकली. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. गल्लीतल्या लोकांनी हात हलवून निरोप दिला होता, तो त्यांनी परत घेतला आणि दुसऱ्यांदा दिला.

वळसंगपर्यंतचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. दोन्ही बाजूंना तूर कमरेला लागली होती, सूर्यफूल तोंड वर करून उभं होतं, पण मडिवाळप्पांना त्यातलं काही दिसलं नाही; ते रस्ता बघत होते. रस्ताही त्यांना सगळा दिसला नाही. प्रत्येक खड्ड्याला अक्कम्मा “अय्योऽ शिवने!” म्हणत आणि प्रत्येक गिअरला म्हणत, “मेल्लग, तम्मा, मेल्लग. सावकाश. माझी हाडं माझीच हायत, शेटजींची न्हाईत.” त्यांना एसटीनं ओलांडलं, ट्रकनं ओलांडलं, पेंडीचं पोतं लादलेल्या एका सायकलनंही ओलांडलं. गुरप्पा मागच्या काचेतून बघून दर वेळी आधी सूचना देत. “सायकल येतीय. लाइन दे.”

वळसंगला लेकीच्या दारात गाडी थांबली. “पाच मिन्टं,” म्हणून अक्कम्मा आत गेल्या. पाऊण तासानं त्या परत आल्या तेव्हा बरोबर जावई होता, आणि जावयाच्या पाठीवर काहीतरी जड होतं. मडिवाळप्पा त्या वेळी बोनेट उघडून आत तज्ज्ञासारखं बघत होते. मागं डिकी धाडकन बंद झाली. अक्कम्मा गाडीत बसल्या.

“अक्कम्मा, तुमचं वळसंग आलं.”

“हौद, व्हय. बघितलं की वळसंग. लेकीला बोलून झालं. आता नळदुर्गला माझी तंगी हाय, धाकटी भैण. तिला भेटून सात वर्सं झाली. चल.”

सत्तरीच्या बाईला गाडीतून उतरवायला कायद्यात तरतूद नाही. मडिवाळप्पांनी हँडल मारलं.

अक्कलकोटात राजवाडा आणि त्यातली शस्त्रं बघायची होती. मडिवाळप्पांनी वाचनालयात दोन रविवार बसून इतिहासाची टिपणं काढली होती. राजवाड्याचं दार आलं आणि गेलं. ब्रेक लागेपर्यंत गाडी शंभर पावलं पुढं गेली होती.

“मागं घ्या की,” नीलम्मा म्हणाल्या.

“गरज नाही. गोल जाऊन येऊ.”

गोल जाऊन येताना दार उजव्या बाजूला आलं आणि मध्ये बैलगाडी होती. पुन्हा गोल. तिसऱ्या फेरीला चौकातल्या पानवाल्यानं उठून गाडीला हात जोडले. “कुठले पाव्हणं हो?” त्यानं ओरडून विचारलं. “गाडीतनं प्रदक्षिणा घालायचा नवस दिसतोय!” दोन बायकांनी लांबूनच नमस्कार केला. एकीनं खिडकीतून आत फूल टाकलं. ते मडिवाळप्पांच्या टोपीवर बसलं. यानंतर उतरून राजवाडा बघणं शक्यच नव्हतं. इतक्या भाविकांसमोर नवस अर्ध्यात कसा सोडणार? “तीन वेळा बघितला की भायेरनं,” गुरप्पांनी समजूत घातली. “आत काय, तलवारीच.”

नळदुर्गच्या रस्त्याला लागल्यावर मडिवाळप्पांना वाटलं, आता जमतंय. रस्ता मोकळा होता, माळावर गवत पिवळं व्हायला लागलं होतं, ओढ्यांना पाणी होतं. त्यांनी एक कोपर खिडकीबाहेर काढलं. असं कोपर बाहेर काढलेला माणूस त्यांनी एका कॅलेंडरवर पाहिला होता. नीलम्मांनी आरसा आपल्याकडे वळवून कुंकू नीट केलं. मडिवाळप्पांनी आक्षेप घेतला नाही. मागं बघायला गार्ड होता.

तेवढ्यात समोर नळदुर्गकडंच चाललेली मेंढरं लागली. शंभर-दीडशे मेंढरं, दोन घोडी, चार कुत्री आणि मागं काठी खांद्यावर टाकलेला धनगर. गाडी त्यांच्या मधोमध थांबली आणि मेंढरं दोन्ही बाजूंनी ओढ्यासारखी वाहायला लागली. हॉर्न दाबला तर एक बोकड गाडीवर धावून आला. धनगराचं नाव ज्ञानबा. तो म्हणाला, “वाजवू नका, सायेब. त्याला वाटतंय, दुसरा बोकड हाय.”

मेंढरं जाईपर्यंत अर्धा तास गेला, आणि गाडी सुरू होईपर्यंत आणखी अर्धा. म्हणून पुढे दोन मैलांवर जिल्ह्याची हद्द लागली, तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाखाली तीच मेंढरं आरामात बसलेली होती. ती माळावरून सरळ आली होती.

हद्दीवर आडवा बांबू होता, एक टेबल होतं आणि टेबलामागं मल्लप्पा नावाचा कारकून होता. त्या साली ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला परमीट लागे. हे मडिवाळप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या हुकमाचा मसुदा त्यांच्याच टेबलावर तयार झाला होता. म्हणून ते अगदी निवांतपणे, थोडं हसतच उतरले.

“आम्ही आपल्याच खात्यातले. मडिवाळप्पा हत्तुरे, हेडक्लार्क.”

मल्लप्पा ताडकन उभा राहिला. “साहेब! तुम्हीच का ते? तुमची सगळी परिपत्रकं माझ्याकडं फायलीला लावलेली हायत. ‘कोणाचीही गय करू नये’ हे तुमचंच वाक्य न्हवं?”

“माझंच,” मडिवाळप्पा संकोचून म्हणाले. आपलं वाक्य इतक्या लांब माळावर कुणाला पाठ असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

“त्याच्याखालीच लिहिलंय, की सरकारी माणसाचीबी गाडी तपासावी. तेवढी डिकी उघडू का, साहेब? नुसतं नावाला.”

डिकी उघडली. आत ज्वारीचं पोतं होतं.

झाडाखालच्या मेंढरांनी तेवढं रवंथ चालू ठेवलं. गाडी भुसार व्यापाऱ्याची, चालवणारा पुरवठा कचेरीचा हेडक्लार्क, आणि डिकीत विनापरमिटाची ज्वारी. एवढ्या पुराव्यावर मडिवाळप्पांनी स्वतः तीन माणसांना घरी बसवलं असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पेन्शनीचे कागद आले आणि उडून गेले.

“अक्कम्मा, हे काय आहे?”

“जोळा,” अक्कम्मा खिडकीतून म्हणाल्या. “ज्वारी. तंगीकडं रिकाम्या हातानं जाऊ का? दोन वर्सं तिच्याकडं दाणा पिकला न्हाई. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन तिचं पोट बिघडलंय.”

मल्लप्पाला घाम फुटला होता. “साहेब, पंचनामा करावा लागंल. गाडी जप्त करावी लागंल. तुमच्याच परिपत्रकात हाय. मला लई वाईट वाटतंय.”

वाईट त्याला खरंच वाटत होतं, म्हणून तर तो ऐकेना. लाच मागणाऱ्या माणसाला समजावता येतं. नियमावर श्रद्धा असलेल्या माणसाला काय करणार?

आणि इथं मडिवाळप्पांमधला हेडक्लार्क जागा झाला. मोटार चालवताना जो माणूस कुठंच दिसला नव्हता, तो आता ताठ उभा राहिला. “मल्लप्पा, कलम चार वाच.”

मल्लप्पानं फाईल काढली. “‘प्रत्येक प्रवाशास स्वतःच्या खाण्यासाठी दहा किलोपर्यंत धान्य विनापरवाना नेता येईल.’”

“आम्ही प्रवासी आहोत का नाही?”

“हाय की!” मल्लप्पाचा चेहरा उजळला. त्यानं धावत काटा आणला. पोतं भरलं पन्नास किलो. प्रवासी चार. दहा किलो ज्वारी अजून गुन्हेगार होती.

“सोडू का खाली?” गुरप्पांनी विचारलं.

“सोडून बघ!” अक्कम्मा म्हणाल्या.

मग एक आवाज आला. “काय घोळ हाय, सायेब?” ज्ञानबाची बायको मायाक्का कधीची येऊन उभी होती. काखेत कालच जन्मलेलं कोकरू. तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती गाडीकडं बघत म्हणाली, “नळदुर्गाला चाललाय व्हय? धबधबा बगायला?”

“हो. तू पाहिलायस का?” मडिवाळप्पांनी विचारलं.

“कुटला? तीस वर्सं ह्याच वाटंनं मेंढरं घिऊन जातोय. आवाज ऐकलाय लांबनं. पर मेंढरं सोडून कोण जाणार बगायला?”

नीलम्मांनी मागं वळून तिच्याकडं बघितलं. सकाळपासून त्या फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी दार उघडलं आणि सरकून जागा केली. “या, मायाक्का. बसा माझ्याजवळ. दहा किलोचं वझं तुमच्या नावावर.”

“जा की,” ज्ञानबा म्हणाला. “मुक्काम नळदुर्गाच्या अलीकडंच टाकतो. बगून ये, आन् मला सांग.”

मल्लप्पानं पाच प्रवासी मोजले, वहीत लिहिलं, बांबू वर केला आणि कडक सलाम ठोकला. पाच माणसं, पन्नास किलो आणि एक कोकरू घेऊन गाडी मोठ्या रुबाबात निघाली. चढ लागला. गाडीनं तो पाहिला, मोठा उसासा टाकला आणि बोनेटमधून वाफ सोडली. हँडल मारून झालं, ढकलून झालं, गुरप्पांची शिट्टी झाली. अक्कम्मा सीटवर डोकं टेकून झोपी गेल्या. काही होईना.

शेवटी रब्बीची पेरणी आटपून घरी निघालेला येडू नावाचा शेतकरी आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बैल सोडून आणले आणि गाडीला दोराचा नाडा बांधला. “म्या वढतो नळदुर्गापातुर,” तो म्हणाला. “तुमी आत बसून चाक धरा. पर मधीमधी बिरेक दाबू नका, बैलास्नी शंका येती.”

ज्या माणसानं ड्रायव्हर नाकारला होता, त्याला आता दोन ड्रायव्हर मिळाले होते, आणि दोघांनाही शिंगं होती. मडिवाळप्पा स्टिअरिंगमागं बसले. लपावं म्हटलं तर चाक कोण धरणार? त्यांनी टोपी पुढं ओढली आणि नजर बैलांच्या शेपट्यांवर ठेवली. वळणावर सवयीनं हात बाहेर काढून खूण केली. हमरस्त्याला लागल्यावर सोलापूरकडं परतणारी एसटी आली. तिच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मडिवाळप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. कंडक्टरनं मात्र घंटी वाजवून मानवंदना दिली, आणि गुरप्पांनी ती हिरवा रुमाल हलवून स्वीकारली.

गाव जवळ आल्यावर अक्कम्मांना जाग आली. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “आता कशी चालवायलास, तम्मा! एक हिसका न्हाई. सकाळीच असं चालवायला काय झालतं?”

नीलम्मांनी पदर तोंडाला लावला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

अक्कम्मांना आणि ज्वारीला बहिणीच्या दारात उतरवून उरलेले चौघं किल्ल्यात पोचले, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पाणीमहालाच्या भिंतीवरून दोन्ही धारा कोसळत होत्या, आणि त्यांचे तुषार उन्हात उडत होते. मडिवाळप्पांनी खिशातून टिपणं काढली. दिवसभरात हरवलेली इज्जत परत मिळवायची ही शेवटची संधी होती. त्यांनी घसा साफ केला आणि आदिलशाहीपासून सुरुवात केली. बंधारा कुणी घातला, भिंतीच्या पोटात महाल कसा बांधला, पाणी डोक्यावरून जाऊनही आतला माणूस कोरडा कसा राहतो, सगळं त्यांनी तारखांसकट सांगितलं. वीस मिनिटं ते बोलत होते. पाण्याच्या आवाजात त्यातलं एक अक्षरही कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी टिपणं घडी करून खिशात ठेवली, आणि दिवसात पहिल्यांदाच समोर काय आहे ते बघितलं.

मायाक्का कठड्याला धरून उभी होती. कोकराचं तोंड तिनं धबधब्याकडं वळवून धरलं होतं. तिच्या शेजारी नीलम्मा उभ्या होत्या. इरकल भिजलं होतं, आणि त्या मोठ्यानं काहीतरी बोलून हसत होत्या. काय ते मडिवाळप्पांनाही ऐकू आलं नाही. बावीस वर्षांत त्यांना असं हसताना आपण पाहिलं होतं का, हे त्यांनी आठवून बघितलं. कुठल्याच फायलीत नोंद सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं सोलापूरला आले. नीलम्मा खिडकीजवळ बसल्या. गाडी शेटजींच्या कल्लप्पानं चार दिवसांनी आणली. त्यानं तिला काय केलं कोण जाणे, ती चाळीसच्या वेगानं आली. कचेरीत मडिवाळप्पांनी धबधब्याचं वर्णन केलं आणि प्रवासाचं टाळलं.

पंधरा दिवसांनी हद्दीवरून एक लखोटा आला. मल्लप्पा प्रामाणिक माणूस. त्याला झोप लागत नव्हती. त्यानं योग्य त्या मार्गानं खुलासा मागवला होता: ‘दि. ७ रोजी एका वाहनातून पाच इसम गेले. पैकी एक मेंढपाळ स्त्री वाहनात हद्दीवरच बसली. सदर स्त्री कलम चारखाली प्रवासी धरावी काय? तसेच तिच्याजवळील कोकरू कशात धरावे?’ साहेबांनी कागदावर ‘हेडक्लार्क, नियम पाहून उत्तर द्यावे’ असा शेरा मारला. वाहन कुणाचं होतं, हे मल्लप्पानं आदरापोटी लिहिलं नव्हतं.

कागद मडिवाळप्पांच्या टेबलावर दोन दिवस पडून होता. ‘प्रवासी नाही’ लिहिलं तर आपणच आपल्याला गुन्हेगार ठरवणार. ‘आहे’ लिहिलं तर उद्या प्रत्येक पोत्यामागं एकेक मेंढपाळ बसून जाणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाक उचलला आणि नोकरीतला सगळ्यात छोटा खुलासा लिहिला:

‘सदर स्त्री तीस वर्षे त्या मार्गाने जात होती, परंतु प्रवास तिने त्या दिवशीच केला. तिने धबधबा सूर्यास्तापर्यंत पाहिला, याची समक्ष खातरजमा केली आहे. सबब ती प्रवासी आहे. कोकरू तिच्यासोबत असल्याने त्यासही तेच लागू. प्रकरण बंद करावे.’

साहेबांनी न वाचता सही केली.